कायम राहायला आरव्ही निवडताना : आधी वजन, मग लांबी, शेवटी स्वयंपाकघर

अमेरिकेत घर विकून किंवा भाड्याने देऊन आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला निघणारी मराठी जोडपी आता आम्हाला वरचेवर भेटतात. मुलं कॉलेजात गेलेली असतात, काम लॅपटॉपवरून होत असतं किंवा निवृत्ती झालेली असते. उत्साह खरा असतो आणि तयारीही बरीच असते, तरी चूक जवळपास सगळ्यांची एकच होते. सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला किंवा जानेवारीत फ्लोरिडातल्या टँपाला मोठं प्रदर्शन भरतं. तिथे जायचं, दिवसभर पन्नास गाड्यांत चढायचं-उतरायचं, आणि एका स्वयंपाकघरावर मन बसतं. मग ते घर ओढायला ट्रक शोधायचा, ट्रकसाठी कर्ज काढायचं, आणि थंडीत कुठे राहायचं ते सगळ्यात शेवटी ठरवायचं. क्रम नेमका उलटा होतो.

आम्हीही पहिला ट्रेलर असाच घेतला होता, मधोमध प्रशस्त ओटा असलेला. चौदा महिन्यांत तोट्यात विकावा लागला. ओट्यात काहीच दोष नव्हता. ट्रेलर आमच्या ट्रकला जड होता आणि आम्हाला जिथे जायचं होतं तिथल्या जागांना लांब. खालचे टप्पे त्या चौदा महिन्यांतून आणि नंतरच्या चार वर्षांतून आलेले आहेत. ते याच क्रमाने घ्या. एकाचं उत्तर हातात आल्याशिवाय पुढच्याला लागू नका.

टप्पा १ : गाडी बघण्याआधी वहीत लिहायची उत्तरं

दोघांनी वेगवेगळी लिहा, मग एकत्र बसून ताडून बघा. उत्तरं जुळली नाहीत तर ते आताच कळलेलं चांगलं.

पहिलं, जानेवारीत कुठे असाल? ॲरिझोना, दक्षिण टेक्सास किंवा फ्लोरिडा असेल तर साधी गाडी चालते. मुलगी मिनेसोटात आहे आणि नाताळ तिच्याकडेच करायचा असेल, तर टाक्यांना खालून उब देणारी गाडी लागते. माहितीपत्रकातल्या ‘फोर सीझन’ या शब्दांमागे कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही. प्रत्येक कंपनी तो आपल्या मनाने वापरते. विचारायचं ते हे : खालचा भाग बंदिस्त आहे का, घर तापवणाऱ्या भट्टीची गरम हवा टाक्यांपर्यंत पोचते का, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का.

दुसरं, महिन्यातल्या किती रात्री वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय काढणार? पश्चिमेकडच्या बीएलएमच्या (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट) मोकळ्या सरकारी जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस फुकट राहता येतं. तिथे राहायची हौस असेल तर टाक्या, बॅटरी आणि सौर पॅनेल यांचा हिशेब वेगळा लागतो. कायम कॅम्पग्राउंडातच राहणार असाल तर त्यावर पैसे घालू नका.

तिसरं, गाडीत कोण कोण राहणार? हा प्रश्न आपल्या लोकांत फार महत्त्वाचा असतो आणि नेमका राहून जातो. पुण्याहून आई-बाबा उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर जेवणाच्या टेबलाचा रोज रात्री पलंग करणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. सहा महिने म्हणजे पाहुणचार नव्हे, ते घरच झालं. त्यांच्यासाठी दार असलेली, जमिनीलगतची झोपायची जागा हवी. ती देता येत नसेल तर त्या महिन्यांत एखादं भाड्याचं घर घ्यायचं, हे आताच ठरवून ठेवा.

चौथं, दोघांनाही एकाच वेळी मीटिंगला बसायचं असतं का? असेल तर मधे एक दार लागतंच.

टप्पा २ : कागदपत्रं, व्हिसा, विमा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथे अडलात तर पुढचं सगळं थांबतं. म्हणून तो गाडीच्या आधी.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर तुमचं काम अर्जात लिहिलेल्या ठिकाणाशी बांधलेलं असतं. दुसऱ्या महानगर क्षेत्रात जाऊन तिथून नियमित काम करायचं तर कंपनीला सहसा सुधारित अर्ज भरावा लागतो. फिरत राहून नोकरी करायचा बेत असेल तर आधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. ग्रीन कार्ड असेल तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांच्या आत एआर-११ हा पत्ताबदलाचा अर्ज भरून यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) कळवणं बंधनकारक आहे. नागरिकत्वाचा अर्ज जवळ आला असेल तर अर्जाआधी ३ महिने त्या राज्यात वास्तव्य लागतं. अर्ज होईपर्यंत घर सोडू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

कायमचं राज्य म्हणून बहुतेक जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही, आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे रुळलेल्या आहेत. पण फक्त कर बघू नका, आरोग्य विमाही बघा. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मूळ मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं. मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या योजना मात्र बहुधा ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात आणि बाहेर तातडीचे उपचारच मिळतात. फिरत्या माणसाला हा फरक फार महागात पडू शकतो.

सावध : आरव्हीचा साधा विमा अधूनमधून फिरणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही त्यातच राहता हे लपवलंत तर दावा नाकारला जाऊ शकतो. कायम राहणाऱ्यांची वेगळी पॉलिसी मागा. गाडीच्या वॉरंटीचे कागदही नीट वाचा, कारण ‘कायम राहण्यासाठी वापरल्यास वॉरंटी लागू नाही’ असं कलम अनेक कंपन्या घालतात.

टप्पा ३ : इंजिनवाली की ओढायची?

इंजिनवाल्यांत, म्हणजे मोटरहोममध्ये, तीन वर्ग. क्लास ए म्हणजे बससारखी, क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, आणि क्लास बी म्हणजे ट्रान्झिट, प्रोमास्टर किंवा स्प्रिंटरसारख्या व्हॅनमध्ये बसवलेलं घर. ओढायच्यांत दोन मुख्य प्रकार : ट्रकच्या मागच्या हिचला (जोडकडीला) लागणारा ट्रॅव्हल ट्रेलर, आणि ट्रकच्या हौद्यात टेकणारा फिफ्थ व्हील.

माझं मत स्पष्ट आहे. एका जागी दोन-तीन आठवडे राहून सावकाश फिरणाऱ्या जोडप्यासाठी ओढायची गाडी बरी. घर जागेवर राहतं, ट्रक घेऊन किराणा आणता येतो. ट्रकचं इंजिन बिघडलं तरी झोपायला घर उरतं. मोटरहोम गॅरेजात गेली की तुमचं घरच गॅरेजात जातं, आणि अनेक गॅरेजांकडे एवढी जड गाडी उचलायची सोयही नसते. उलट दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्यांना क्लास बी किंवा छोटी क्लास सी सोपी जाते. पावसात बाहेर उतरून हिच जोडत बसावं लागत नाही.

मोटरहोममागे छोटी गाडी ओढणार असाल तर ती चारही चाकांवर ओढायला बनवलेली आहे की नाही, हे तिच्या पुस्तिकेत बघा. बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स तसा ओढल्याने खराब होतो.

परवान्याचंही इथेच बघून टाका. उदाहरणार्थ, २६,००० पौंडांवरच्या मोटरहोमला टेक्सासमध्ये वेगळा क्लास बी परवाना लागतो (वरच्या क्लास बी व्हॅनशी या नावाचा संबंध नाही). नियम तुमच्या कायमच्या राज्याचा लागू होतो.

तपासा : मोटरहोममध्ये झोपायच्या जागा सहा आणि सीटबेल्ट चार, असं सर्रास असतं. आई-बाबा चालत्या गाडीत कुठे बसणार? बहुतेक राज्यांत चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला मनाई आहे, म्हणजे ते ट्रकच्या मागच्या सीटवर बसणार. ती सीट त्यांना चार तासांसाठी जमते का, बसवून बघा.

टप्पा ४ : वजनाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या जिवावर बेततात. म्हणून इथे थोडं थांबू.

प्रत्येक ट्रेलरवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे कमाल एकूण वजन, लिहिलेला असतो. सामान-पाण्यासकट त्याचं वजन त्यापुढे जाता कामा नये. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की सामानासाठी काय उरतं ते कळतं. पण माहितीपत्रकातलं रिकामं वजन धरू नका. डीलरने नंतर बसवलेला दुसरा एसी, सौर पॅनेल, जादा बॅटरी त्यात नसते. ट्रेलरच्या दाराजवळचा पिवळा स्टिकर वाचा. त्यावर सामानाचं वजन किती पौंडांच्या पुढे जाऊ नये ते थेट छापलेलं असतं, आणि ते त्या एका गाडीपुरतं असतं.

आता वहीत जोड घाला. आमच्या पहिल्या ट्रेलरची क्षमता १,२०० पौंड होती. ऐकायला भरपूर वाटते. ४० गॅलन पाणी, गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ३३२ पौंड तिथेच गेले. भांडी, कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं, तवे : १५०. डाळ, तांदूळ, कणीक, तेल, मसाले : १००. कपडे, अंथरुणं-पांघरुणं : २००. नळ्या, विजेच्या जाड वायरी, चाकांखाली लावायच्या ठोकळ्या, अवजारं : १५०. लॅपटॉप, पुस्तकं, कागदपत्रं : १००. खुर्च्या, शेगडी, सायकली : १००. बेरीज १,१३२. शिल्लक ६८ पौंड, आणि अजून देव्हारा आणि आईचा हार्मोनियम धरलेला नव्हता.

सुट्टीला जाणारा माणूस चार दिवसांचं सामान नेतो. राहणारा माणूस संसार नेतो. दोघांसाठी, पाणी धरून, सामानाची क्षमता २,००० पौंडांच्या खाली असलेली गाडी मी बघणार नाही.

आता ट्रक. जाहिरातीत ‘११,००० पौंड ओढतो’ असं असतं, आणि विक्रेता तेवढाच आकडा सांगतो. खरी मर्यादा बहुधा त्याआधीच लागते, ती पेलोडची. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो : माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांपुढे जाऊ नये. ट्रेलरचा पुढचा भार हिचवर पडतो, आणि तो भार म्हणजे ट्रकच्या दृष्टीने सामानच.

ट्रॅव्हल ट्रेलरचा हा भार त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी असेल तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डुलतो, आणि ते डुलणं एकदा वाढलं की ट्रकलाही पलटी देतं. ७,५०० पौंडांचा ट्रेलर, १३ टक्के धरा : ९७५ पौंड. भार विभागणारी हिच : ९०. आम्ही दोघं : ३१०. हौद्यात जनरेटर, अवजारं, इतर सामान : ३००. एकूण १,६७५. ट्रकच्या स्टिकरवर १,६२०. जाहिरातीप्रमाणे ट्रक ११,००० ओढणारा, आणि ७,५०० च्या ट्रेलरलाच मर्यादा ओलांडून गेला. आम्हाला विकणारा माणूस “सहज ओढेल” म्हणाला होता. त्याने दाराची चौकट उघडून बघितली नव्हती, आणि आम्हीही नाही.

फिफ्थ व्हीलचा भार आणखी जास्त असतो, साधारण २० टक्के किंवा त्याहून थोडा वर. १४,००० पौंडांच्या गाडीचे निदान २,८०० पौंड ट्रकवर येतात. साधा हाफ-टन ट्रक तिथे चालतच नाही (हे टन म्हणजे ट्रकच्या वर्गाचं नाव, खरी क्षमता नव्हे). तीन-चतुर्थांश टन किंवा एक टनाचाच लागतो, आणि त्याचाही स्टिकर बघूनच घ्यायचा.

म्हणून क्रम असा : आधीच ट्रक असेल तर त्याच्या पेलोडवरून ट्रेलरची कमाल मर्यादा काढा आणि त्याच्या वर काहीही बघायला जाऊ नका. ट्रक नसेल तर ट्रेलर आधी ठरवा, त्याचा पूर्ण जीव्हीडब्ल्यूआर धरून हिशेब करा, मग ट्रक घ्या. घाईत ट्रक आधी घेणाऱ्यांना वर्षभरात तो बदलावा लागलेला मी पाहिला आहे.

तपासा : घेतल्यावर पहिल्याच महिन्यात सगळं सामान आणि पाणी भरून ट्रकथांब्यावरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर, जा. एकदा जोडलेल्या अवस्थेत वजन करा, मग ट्रेलर बाजूला उभा करून नुसत्या ट्रकचं करा. दोन पावत्या समोर ठेवल्या की प्रत्येक ॲक्सलवर किती भार येतो आणि हिचवर किती पडतो, दोन्ही कळतं.

टप्पा ५ : लांबी आणि उंची

इथे एक सोपा अभ्यास करा. पहिल्या वर्षात जायची दहा ठिकाणं लिहा. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी आरक्षणाच्या संकेतस्थळावर त्या कॅम्पग्राउंडांचं पान उघडा. प्रत्येक जागेची कमाल लांबी तिथे दिलेली असते. राष्ट्रीय उद्यानांतली पुष्कळ कॅम्पग्राउंडं जुनी आहेत, छोट्या गाड्यांच्या काळात आखलेली. ३८ फुटी गाडीला तिथे मोजक्याच जागा मिळतात, त्याही कित्येक महिने आधी भरतात. दहापैकी सात ठिकाणी बसेल ती लांबी धरा. ट्रेलरच्या नावातला आकडा म्हणजे त्याची लांबी असं समजू नका. हिचच्या टोकापासून मागच्या बंपरपर्यंतचं माप विचारा.

घाटांचे नियमही बघून ठेवा. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानाच्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. ओढायची गाडी असेल तर ती कॅम्पग्राउंडात ठेवून ट्रकने जाता येतं, ट्रक मात्र त्या मापात बसला पाहिजे.

उंची एसीच्या टोपणासकट स्वतः टेपने मोजा आणि आकडा ड्रायव्हरच्या समोर चिकटवा. न्यू यॉर्कच्या जुन्या पार्कवेंवर पूल बुटके आहेत आणि आरव्हीला तिथे बंदीच आहे. साधा फोनवरचा नकाशा हे सांगत नाही. न्यू जर्सीतून दक्षिणेला मेरीलँडच्या मंदिरांकडे किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : बाल्टिमोरच्या बोगद्यांतून नेहमीच्या आकाराचे प्रोपेन सिलिंडर नेता येत नाहीत, २०२४ मध्ये की ब्रिज हा पूल कोसळल्यापासून आय-६९५ ने शहराला पश्चिमेकडून वळसा घालून जावं लागतं.

टप्पा ६ : पाणी, संडास, वीज, फोडणी

आता स्वयंपाकघराची पाळी. इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हे आपल्या सवयींप्रमाणे लिहिलेलं नसतं, म्हणून जरा तपशिलात जाते.

टाक्या तीन : स्वच्छ पाण्याची, भांडी-आंघोळीच्या पाण्याची ग्रे, आणि संडासाची ब्लॅक. लोक स्वच्छ पाण्याची टाकी बघून खूश होतात. आपल्याकडे आधी ग्रे भरते. रोज डाळ-भात-भाजी-पोळी म्हणजे रोज कुकर, कढई, तवा, चार वाट्या, ताटं. जोडणीशिवाय दोघांनी काटकसरीने माणशी ५ गॅलन वापरले तरी दिवसाला १० होतात. ग्रे ३० गॅलनची असेल तर तिसऱ्या दिवशी ती रिकामी करायला निघावं लागतं. कढईतलं तेल-तूप कागदाने पुसूनच भांडं धुवा. तेल टाकीत गेलं की वास येतो आणि पातळी दाखवणारे सेन्सर खोटं बोलायला लागतात.

संडासाला पाणी वापरणाऱ्या आपल्यासारख्यांची ब्लॅक टाकीही इतरांपेक्षा लवकर भरते. त्यात वाईट काही नाही. पाणी जास्त असेल तर टाकी उलट नीट रिकामी होते. फक्त ती ३० गॅलनच्या आतली घेऊ नका. कंपोस्टिंग संडासाचं कौतुक खूप ऐकाल. त्यात द्रव वेगळा ठेवावा लागतो आणि कोरडेपणावरच सगळं चालतं. पाण्याने धुणाऱ्या घरात तो जमत नाही.

वीज. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. एसी सुमारे १,५०० घेतो, इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १,८००. झाले ३,३००. तेवढ्यात पाणी तापवायचं विजेचं बटण चालू राहिलं, आणखी सुमारे १,४००, की ब्रेकर पडतो. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र लाइन येतात, प्रत्येकी ५० अँपिअरच्या, एकूण १२,००० वॉट. उन्हाळा ॲरिझोनात किंवा टेक्सासात काढायचा असेल तर ५० चीच गाडी घ्या.

जोडणीशिवाय : १०० अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२८० वॉट-तास. दोन्ही वेळचा स्वयंपाक विजेवर केला तर १,५०० वॉट-तास सहज जातात, म्हणजे एका बॅटरीत एक दिवसही निघत नाही. ४०० वॉटची पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १,५०० ते २,००० देतात, हिवाळ्यात त्याच्या निम्म्यावर येतात. म्हणून रानात स्वयंपाक गॅसवर आणि वीज लॅपटॉपला, हे आमचं गणित. लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करायची नसते. थंडीत फिरणार असाल तर ती घराच्या आतल्या बाजूला बसवलेली हवी.

गॅस स्वयंपाकाला फार लागत नाही, थंडीतल्या भट्टीला लागतो. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) असतात. तासाला ३०,००० बीटीयूची भट्टी सलग चालली तर १४ तासांत तो संपतो.

फोडणीसाठी शेगडीवरचा पंखा बाहेर हवा फेकतो का ते बघा. बऱ्याच गाड्यांत तो नुसता तीच हवा जाळीतून फिरवून परत आत सोडतो. बाहेर जाऊन भिंतीवरची झडप खरोखर उघडते का, हात लावून खात्री करा. छतावर १४ इंची पंखा स्वयंपाकघरातच हवा. मिरचीची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतोच. म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. तसं कधीही करू नका. आधी पंखा लावा, खिडकी उघडा, मग तेल तापवा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, त्याच्यासमोर तांदळाचं पोतं ठेवू नका. निरांजन तेवत ठेवून बाहेर पडू नका, झोपूही नका.

टप्पा ७ : गाडीत तासभर घालवा

मर्यादा ठरल्या, आता डीलरकडे जा. फोटो काढायची घाई नको. कामं करून बघा.

सगळ्या स्लाइड, म्हणजे मुक्कामी बाहेर सरकणारे खोलीचे भाग, बंद करायला सांगा. त्या स्थितीत फ्रीज उघडतो का? संडासापर्यंत जाता येतं का? प्रवासात दुपारी जेवायला थांबाल तेव्हा गाडी अशीच असणार आहे. पलंगावर दोघं झोपा. ‘क्वीन’ म्हटलेला पलंग बऱ्याचदा ८० ऐवजी ७५ इंचांचा असतो. आतल्या बाजूला झोपणारा दुसऱ्याला न ओलांडता उठू शकतो का? शॉवरमध्ये उभं राहून डोक्यावर हात न्या. ओट्यावर पोळपाट ठेवून लाटल्यासारखं करा. आमचा सध्याचा ओटा प्रदर्शनात कुणाचं लक्ष वेधणार नाही, पण पोळपाट, परात आणि तवा एका रांगेत बसतात.

टप्पा ८ : भाड्याने घेऊन दहा रात्री

ठरवलेल्या प्रकाराचीच गाडी भाड्याने घ्या आणि दहा रात्री काढा. हवा खराब असेल असे दिवस निवडा. त्यात दोन दिवस दोघांनीही पूर्णवेळ काम करा, दोन रात्री जोडणीशिवाय राहा, आणि टाकी स्वतः रिकामी करा. हा खर्च वाचवायचा मोह होतो. चुकीची गाडी विकताना जाणाऱ्या पैशांपुढे तो काहीच नाही.

टप्पा ९ : नवी की जुनी, आणि जुनी कशी तपासायची

किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त उतरते. तीन ते पाच वर्षांची, नीट सांभाळलेली गाडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. पहिल्या मालकाने कारखान्यातल्या चुका दुरुस्त करून घेतलेल्या असतात. फार जुनीही नको. अनेक खाजगी पार्क दहा वर्षांवरच्या गाड्या घेत नाहीत किंवा आधी फोटो मागतात.

आरव्हीचा खरा शत्रू पाणी. शिडी लावून छतावर बघा, सांध्यांवरचं सीलंट तडकलेलं आहे का. आत खिडक्यांखाली, शॉवरशेजारी आणि कोपऱ्यांत पायाने दाबत चाला. जमीन मऊ लागली तर तिथूनच परत फिरा. बाहेरच्या भिंतीला डोळा लावून तिरक्या उन्हात बघा. फुगवटा किंवा लाट दिसली तर आत पाणी शिरून थर सुटलेले आहेत, आणि ती दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. सुगंधी फवारा जोरात मारलेला असेल तर कपाटं आणि पलंगाखालची फळी उघडून वास घ्या.

टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करून मागा. गॅसच्या अलार्मवरही मुदत छापलेली असते. गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) किंवा कंपनी, मॉडेल आणि साल एनएचटीएसए या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्या, बघा.

हे सगळं केल्यावरही एनआरव्हीआयए या आरव्ही तपासनीसांच्या संघटनेचा प्रमाणित तपासनीस स्वतःच्या पैशाने बोलवा, नव्या गाडीलाही. विकणारा तपासनीसाला येऊ देत नसेल तर व्यवहार सोडा.

कर्जाचं थोडक्यात : आरव्हीची कर्जं १५-२० वर्षांचीही मिळतात आणि हप्ता छोटा दिसतो, पण गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते. कायम राहणाऱ्यांना काही बँका कर्ज देतच नाहीत. अर्जात खोटं लिहू नका.

टप्पा १० : ताबा घ्यायचा दिवस

पूर्ण दिवस मोकळा ठेवा. पाणी भरून प्रत्येक नळ सोडा आणि सिंकखाली कोरडा कागद ठेवून दहा मिनिटांनी बघा. फ्रीज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा. दोन्ही एसी, भट्टी, पाण्याचा हीटर गॅसवर आणि विजेवर वेगवेगळा, प्रत्येक स्लाइड तीनदा आत-बाहेर. जे चालत नाही ते कागदावर लिहून घ्या, आणि दुरुस्त झाल्याशिवाय शेवटची सही करू नका. सही झाली की तुमची गाडी दुरुस्तीच्या रांगेत शेवटी जाते. आमच्या पहिल्या ट्रेलरची एक स्लाइड त्या रांगेत सात आठवडे होती.

पाण्याच्या नळीला प्रेशर रेग्युलेटर आणि विजेच्या खांबावर सर्ज प्रोटेक्टर, हे दोन्ही त्याच दिवशी सोबत हवेत. काही कॅम्पग्राउंडांतला दाब आतल्या प्लास्टिकच्या नळ्या फोडण्याइतका असतो.

पहिल्या तीन रात्री डीलरपासून अर्ध्या तासाच्या आत, पूर्ण जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडात काढा. पहिल्या रात्री आंघोळ, स्वयंपाक, धुणं-भांडी सगळं करा. दुसऱ्या दिवशी जोडणी तोडून बॅटरी आणि टाक्यांवर राहा. तिसऱ्या दिवशी पाऊस आला तर कपाटांचे वरचे कोपरे हाताने चाचपा, नाही आला तर छतावर नळीने पाणी मारून तेच करा. जे सापडेल ते घेऊन चौथ्या दिवशी सकाळी, डीलरचं गॅरेज उघडायच्या वेळेला, दारात उभे राहा.